उबंटू २२.०४ चा एचडब्ल्यूई कर्नल: रिअलटेक ८८५२बीई कार्डासाठी घ्यावा का?

लॅपटॉप नवा आहे, उबंटू २२.०४ नीट बसलंय, स्क्रीन, आवाज, टचपॅड, कॅमेरा सगळं चालतंय. फक्त सेटिंग्जमध्ये वायफायचं पान उघडलं की ‘नो वायफाय ॲडॉप्टर फाउंड’ एवढंच लिहून येतं. कार्ड आत आहे, विंडोजमध्ये ते उत्तम चालतं, लिनक्सला मात्र त्याचा पत्ता नाही. एचपी आणि लेनोवोच्या परवडणाऱ्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच मॉडेलांत रिअलटेकचं आरटीएल८८५२बीई हे वायफाय ६ कार्ड असतं आणि जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे हार्डवेअर ओळखून चालवणारा लिनक्सचा गाभा) त्याची ही ठरलेली तक्रार आहे. यावर सल्ले खूप मिळतात: गिटहबवरून ड्रायव्हर उतरवा, मेनलाइन कर्नल टाका, यूएसबी डोंगल घ्या, डिस्ट्रोच बदला. २२.०४ वर राहायचं ठरलेलं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे. पहिला उपाय उबंटूचाच एचडब्ल्यूई कर्नल, बाकी सगळं त्यानंतर. तो का, कसा बसवायचा आणि बसवताना कुठे अडकायला होतं, ते पुढे लिहिलं आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. उबंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं ते ५.१५ कर्नल घेऊन. मूळ ५.१५ कर्नल २०२१ च्या ऑक्टोबरअखेरचा. रिअलटेकच्या या पिढीच्या कार्डांसाठी लागणारा आरटीडब्ल्यू८९ हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये शिरला तो पुढच्या, म्हणजे ५.१६ आवृत्तीत, आणि तेव्हा त्यात फक्त ८८५२एई होतं. ८८५२बीई यायला ६.२ कर्नल, म्हणजे फेब्रुवारी २०२३ उजाडावं लागलं. थोडक्यात, ५.१५ मध्ये या कार्डाचा ड्रायव्हर बिघडलेला नाही, तो तिथे नाहीच. म्हणून वायफाय बंद-चालू करणं, नेटवर्क मॅनेजर पुन्हा बसवणं, आरएफकिलची कुलपं काढणं यांपैकी कशानेही फरक पडत नाही. ५.१५.० च्या पुढचा आकडा दर महिन्याला वाढताना दिसतो, पण त्यात सुरक्षा आणि दुरुस्त्या येतात. या कार्डाचा ड्रायव्हर त्या वाटेने येत नाही. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या लाइव्हपॅच सेवेचंही तसंच. ती चालू कर्नलमधली सुरक्षेची भोकं बुजवते, नवं हार्डवेअर ओळखायला शिकवत नाही.

एचडब्ल्यूई म्हणजे हार्डवेअर एनेबलमेंट. एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती तीच ठेवायची, डेस्कटॉप, लायब्ररी, कंपायलर काही हलवायचं नाही, फक्त कर्नल पुढच्या उबंटूचा आणायचा, अशी ही सोय. २२.०४ च्या आयुष्यात हा कर्नल चार वेळा पुढे सरकला: २२.०४.२ बरोबर ५.१९, २२.०४.३ बरोबर ६.२, २२.०४.४ बरोबर ६.५ आणि सप्टेंबर २०२४ च्या २२.०४.५ बरोबर ६.८. हा ६.८ शेवटचा. २४.०४ चा मूळ कर्नल तोच आहे, म्हणून २२.०४ च्या नियमित पाठिंब्याची मुदत असेपर्यंत, २०२७ पर्यंत, तोच राहील. आज हा निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. २०२३ मध्ये ज्यांनी एचडब्ल्यूई घेतला त्यांना दर सहा महिन्यांनी पायाखालचा कर्नल बदललेला सापडायचा आणि तेवढ्यांदा बाहेरचे ड्रायव्हर मोडायचे. आता ती धावपळ संपली आहे.

कार्ड नक्की कोणतं आहे ते बघितल्याशिवाय काही करू नका. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड द्या आणि नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. चौकटी कंसातला आकडा १०ईसी:बी८५२ असेल तर कार्ड ८८५२बीई. १०ईसी:सी८५२ असेल तर ते ८८५२सीई, म्हणजे वायफाय ६ई असलेला थोरला भाऊ. १०ईसी:८८५२ म्हणजे ८८५२एई, आणि १०ईसी:बी८५१ म्हणजे एका अँटेनाचं ८८५१बीई. लॅपटॉपच्या खोक्यावर ‘वायफाय ६’ एवढंच छापलेलं असतं आणि एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये कधी रिअलटेक, कधी मीडियाटेक, कधी इंटेल निघतं. म्हणून मित्राच्या त्याच मॉडेलवर काय चाललं यावर जाऊ नका, आकडा वाचा. त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ हे शब्द नसतील तर ड्रायव्हर लागलेला नाही. ते शब्द असतील आणि तरीही वायफाय दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे फर्मवेअर (कार्डात भरावा लागणारा छोटा प्रोग्राम) किंवा पॉवर सेव्हिंगचा घोळ असतो, तो पुढे येईल.

‘युनेम -आर’ दिल्यावर चालू कर्नलचा आकडा येतो. इथे बरेच जण गोंधळतात, कारण २२.०४ डेस्कटॉपची नवी स्थापना मुळातच एचडब्ल्यूईच्या वाटेवर असते. मग ५.१५ राहतो कुणाकडे? कॉलेजच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या पेनड्राइव्हवर २२.०४ ची पहिली नाहीतर २२.०४.१ ची आयएसओ (उबंटू बसवण्याची फाइल) असते. तिच्यातून उबंटू टाकलं, वायफाय नव्हतं म्हणून अपडेट झालं नाही, आणि अपडेट नाही म्हणून वायफाय आलं नाही. हे चक्र तोडलं की बऱ्याच लोकांचं काम होतं. दुसरा गट सर्व्हर आयएसओ वापरणाऱ्यांचा, तिथे मूळ कर्नल हीच नेहमीची निवड. तिसरा लिनक्स मिंट २१ वाल्यांचा. मिंट २१ चा पाया २२.०४ चाच, पण कर्नल ५.१५ ठेवलेला. त्यांच्यासाठी अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘लिनक्स कर्नल्स’ नावाची खिडकी आहे, तिथून ६.८ निवडता येतो. टर्मिनल उघडायचीही गरज नाही.

बसवण्याआधी एक चाचणी जरूर करा. २२.०४.५ ची डेस्कटॉप आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडून लॅपटॉप त्यावरून चालू करा. त्या आयएसओत ६.८ कर्नल आहे. तिथे वायफायची यादी दिसली, घरच्या राउटरला जोडलं गेलं, पाच-दहा मिनिटं व्हिडिओ चालला, तर डिस्कवरच्या उबंटूतही तेच होणार हे जवळपास ठरलं. तिथेही दिसलं नाही तर कर्नल बदलण्यात वेळ घालवू नका, आधी बायोसमध्ये वायरलेस बंद आहे का ते बघा. फुकटात आणि डिस्कला हात न लावता मिळणारी ही खात्री अनेक जण सोडून देतात, आणि मग अर्ध्या रात्री ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या बूट प्रोग्रामच्या, काळ्या स्क्रीनसमोर बसतात.

आता प्रश्न असा की नेट नाही तर नेटवरून कर्नल आणायचा कसा. इथरनेटचं पोर्ट असेल तर केबल लावा, विषय संपला. पातळ लॅपटॉपांना ते नसतं. तेव्हा अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबंटूला तो फोन केबलच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवला तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. चार्जरबरोबर मिळालेल्या स्वस्त केबलमध्ये कधीकधी फक्त विजेच्या तारा असतात, मग फोनवर टेदरिंगचं बटण धूसर राहतं आणि माणूस लिनक्सला दोष देत बसतो. आयफोन असेल तर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ला हो म्हणावं लागतं.

मोबाइल डेटावरच करायचं असेल तर अर्धा जीबी बाजूला ठेवा. कर्नल स्वतः लहान असतो, जागा खातात ती एक्स्ट्रा मॉड्यूल्स आणि फर्मवेअरचं पॅकेज. शिवाय नेट मिळाल्याबरोबर उबंटू मागच्या मागे स्वतःची अपडेट्स ओढायला लागतं. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला तर तेच चालू आहे. थांबा, ते संपू द्या. लॉकची फाइल हाताने उडवण्याचा सल्ला नेटवर मिळतो, तो मानू नका. अर्धवट बसलेल्या पॅकेजांचा गुंता सोडवायला त्याहून जास्त वेळ जातो.

मग दोन ओळी:

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट इन्स्टॉल --इन्स्टॉल-रेकमेंड्स लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४

दुसऱ्या ओळीला ‘हे आधीच सगळ्यात नवं आहे’ असं उत्तर आलं, तर तुम्ही एचडब्ल्यूईच्या वाटेवर आहात आणि ते पॅकेज ताजं आहे, कदाचित फक्त रीस्टार्ट राहिलं आहे. ती ओळ जुनं पॅकेज नव्या आवृत्तीवर नेतेच, पण सगळंच ताजं करायचं असेल तर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ द्या. इथे एक जुनी सवय आडवी येते. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही कमांड नवं पॅकेज कधीच बसवत नाही, आणि नवा कर्नल हे प्रत्येक वेळी नव्या नावाचं पॅकेज असतं. त्यामुळे ती ‘केप्ट बॅक’ म्हणून कर्नल बाजूला ठेवते आणि महिनोन् महिने अपडेट करूनही ५.१५ तसाच राहतो. ॲप्ट आणि ॲप्ट-गेट यांतला हा फरक या दुखण्यात नेमका महागात पडतो.

सगळं बसलं की रीस्टार्ट करा, पुन्हा ‘युनेम -आर’ द्या. ६.८.० ने सुरू होणारा आणि जेनेरिकने संपणारा आकडा आला पाहिजे. मग ‘सुडो डीमेसेज’ देऊन आरटीडब्ल्यू८९ च्या ओळी वाचा. ‘लोडेड फर्मवेअर आरटीडब्ल्यू८९/आरटीडब्ल्यू८८५२बी_एफडब्ल्यू-१.बिन’ अशा अर्थाची ओळ असेल तर कार्ड जागं झालं. आठ-दहा सेकंदांत वरच्या पट्टीत वायफायची खूण येते.

आता अडचणींकडे. पॅकेज चांगलं आहे हे खरं, पण चार ठिकाणी ते हमखास अडकतं.

पहिली जागा म्हणजे बूट पार्टिशन. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर /बूट वेगळं आणि लहान असतं. प्रत्येक कर्नलबरोबर त्याची इनिटआरडी फाइल (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी लागणारी) तिथे येते, आणि नव्या कर्नलांच्या या फाइली चांगल्याच जाड असतात. जागा संपली की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून अपडेट-इनिटरामएफएस मध्येच थांबतं. मग मशीन रीस्टार्ट केलं तर अर्धवट इनिटआरडीमुळे कर्नल पॅनिक येऊ शकतो. म्हणून आधीच ‘डीएफ -एच /बूट’ बघा. २५०-३०० एमबी मोकळे नसतील तर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ देऊन जुने कर्नल काढा. चालू कर्नल ते काढत नाही. अडकून झालंच असेल तर जागा करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या, आणि ती निर्विघ्न संपल्याशिवाय रीस्टार्ट करू नका.

दुसरी जागा डीकेएमएस, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी आपोआप बनवून देणारी सोय. व्हर्च्युअलबॉक्स, एनव्हिडिया, ब्रॉडकॉम किंवा गिटहबवरून आणलेला एखादा ड्रायव्हर असेल तर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल व्हावा लागतो. २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११ आहे, पण २२.०४ साठीचे ६.५ आणि ६.८ हे कर्नल जीसीसी १२ ने बनवलेले आहेत. तो बसलेला नसेल तर डीकेएमएस तक्रार करतं आणि कर्नलचं पॅकेजही अर्धवट राहिल्यासारखं दिसतं. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२’ दिलं की हा भाग सुटतो. ड्रायव्हरचा कोडच नव्या कर्नलसाठी जुना असेल तर मात्र त्याची नवी आवृत्ती शोधावी लागते. ‘डीकेएमएस स्टेटस’ने कोण अडलंय ते कळतं.

तिसरी जागा सगळ्यात फसवी, आणि तिच्यामुळे चांगला कर्नल उगाच बदनाम होतो. आधी गिटहबचा ड्रायव्हर टाकून पाहिलेला असतो. तो काढला जातो, पण त्याने /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये ठेवलेली फाइल तशीच राहते. अशा फाइलीत कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट केलेलं असू शकतं. मग ६.८ येऊनही कार्ड मेलेलंच, कारण त्याला हात लावायची बंदी आहे. ‘ग्रेप -आर आरटीडब्ल्यू /ईटीसी/मॉडप्रोब.डी’ द्या. ‘ब्लॅकलिस्ट’ने सुरू होणारी ओळ सापडली तर ती काढा, ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ द्या आणि रीस्टार्ट करा. नावांतला फरकही बघा: कर्नलच्या मॉड्यूलचं नाव आरटीडब्ल्यू८९_८८५२बीई, बाहेरच्याचं आरटीडब्ल्यू_८८५२बीई. फरक फक्त ८९ चा आहे, पण कोण चालू आहे ते त्यावरून कळतं.

चौथी जागा फर्मवेअर. ड्रायव्हर आहे पण डीमेसेजमध्ये ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसतंय, तर त्या उणे दोनचा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज ताजं करा. नवा कर्नल आधी ‘-१’ शेपटीची फाइल शोधतो, ती नसेल तर जुन्या नावाची. कर्नल नवा आणि फर्मवेअर जुनं ही जोडी सहसा त्यांच्याकडे दिसते ज्यांनी दुसऱ्या मशीनवरून पॅकेजं पेनड्राइव्हवर आणून हाताने बसवली. तसं करायचंच असेल तर लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स, लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा आणि लिनक्स-फर्मवेअर ही चारही हवीत. यातलं ‘एक्स्ट्रा’ बहुतेक जण विसरतात, आणि वायफायचे ड्रायव्हर नेमके त्यातच असतात. नवा कर्नल सुरू होतो, आकडाही बरोबर दिसतो, वायफाय मात्र नाही. ब्लूटूथची फर्मवेअर याच पॅकेजमध्ये पण आरटीएल_बीटी नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते. म्हणून वायफाय आलं आणि ब्लूटूथ नाही, किंवा उलट, असं होऊ शकतं. कार्ड एकच असलं तरी आतून ही दोन वेगळी उपकरणं आहेत, एक पीसीआयवर आणि एक यूएसबीवर.

चालू झाल्यावर हे कार्ड कसं वागतं? राउटर वायफाय ६ चा असेल आणि ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळत असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह’च्या लिंकमध्ये १२०१ पर्यंतचा एमबीपीएस आकडा दिसू शकतो. तो हवेतला कमाल दर आहे, फाइल उतरताना त्याच्या अर्ध्या-पाऊण आसपास मिळालं तरी कार्ड उत्तम चाललंय असं समजा. घरगुती १०० किंवा २०० एमबीपीएसच्या फायबरला ते भरपूर झालं.

तक्रारी येतात त्या पॉवर सेव्हिंगच्या. वायफाय जोडलेलं दिसतं पण पहिलं पान उघडायला वेळ लागतो, किंवा पिंगचे आकडे मध्येच शंभराच्या वर उडतात. अशा वेळी /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मधली डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ ही फाइल उघडा, पॉवरसेव्हपुढचा ३ बदलून २ करा आणि नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू करा. बॅटरीला थोडा फटका बसतो, पण ऑनलाइन मीटिंग करणाऱ्याला तो परवडतो.

त्याहून गंभीर तक्रार म्हणजे कार्ड मध्येच गायब होणं. डीमेसेजमध्ये ‘एक्सटल एसआय नॉट रेडी’ किंवा उणे ११०, म्हणजे वाट पाहून वेळ संपल्याचे संदेश येतात. एचपी आणि लेनोवोच्या काही बायोसांत पीसीआयची झोपण्याची व्यवस्था या कार्डाशी नीट जुळत नाही, हे त्याचं कारण. उपाय सोपा आहे. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये आरटीडब्ल्यू८९.कॉन्फ नावाची फाइल करून त्यात ही एक ओळ टाका:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय

रीस्टार्ट करा. तरीही तुटत असेल तर दुसरी ओळ, ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_कोअर डिसेबल_पीएस_मोड=वाय’. दोन्ही एकदम टाकू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही आणि बॅटरी विनाकारण जाते. ही ओळ शाबूत ठेवून महिन्यातून एकदा बायोसचं अपडेट आलंय का ते बघा. ते आलं तर ओळ काढून पुन्हा पारखा.

विंडोज आणि उबंटू दोन्ही असलेल्या मशीनवर आणखी एक कारण दिसतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शटडाउन करताना खरं बंद होत नाही, कार्डाला अर्ध्या झोपेत सोडून जातं. मग उबंटूत ते उठत नाही. ‘एका दिवशी चालतं, दुसऱ्या दिवशी नाही’ अशी लहरी तक्रार असेल तर आधी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हे बंद करा. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर वायफाय गेलं तर ‘सुडो मॉडप्रोब -आर आरटीडब्ल्यू८९_८८५२बीई’ आणि लगेच -आर शिवाय तीच कमांड दिली की ते परत येतं, रीस्टार्टची गरज पडत नाही.

आता इतर पर्याय, थोडक्यात. गिटहबवरच्या ड्रायव्हरबद्दल वाईट बोलावं असं काहीही नाही. लॅरी फिंगर यांनी रिअलटेकच्या ड्रायव्हरांसाठी कित्येक वर्षं घातलेल्या श्रमांवरच ६.२ पूर्वीचे हजारो लॅपटॉप नेटवर आले. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. पण त्यांचा संग्रह दाखवणारे जुने लेख वाचून आज ६.८ वर तो ड्रायव्हर टाकण्यात अर्थ नाही, कारण कर्नलमध्ये तो आधीच आहे. बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक कर्नल अपडेटला पुन्हा कंपाइल, आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच कर्नल आणि ड्रायव्हर चालू देणारी व्यवस्था) चालू असेल तर एमओके नावाच्या किल्लीची नोंदणी. रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून पासवर्ड द्यायचा असतो. ती घाईत ‘कंटिन्यू’ दाबून घालवली की पुढे ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. एचडब्ल्यूई कर्नलवर कॅनॉनिकलची सही असते, आतले ड्रायव्हरही सहीचेच, त्यामुळे सिक्युअर बूटला हात लावावा लागत नाही.

मेनलाइन कर्नलच्या .डेब फाइली उबंटूच देतं, पण त्या चाचणीसाठी. त्यांवर सही नसते. सिक्युअर बूट चालू असताना ‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असे दोन संदेश देऊन ग्रब थांबतं. सुरक्षेची अपडेट्सही ॲप्टमधून येत नाहीत. एक बिघाड नव्या कर्नलमध्ये सुटलाय का एवढं पाहण्यापुरता हा पर्याय चांगला, रोजच्या वापराला नाही. ओईएम कर्नल हा तिसरा, लॅपटॉप कंपन्यांसाठी उबंटूने बनवलेला. एकेकाळी तो कामाचा होता, एचडब्ल्यूई ६.८ वर पोचल्यावर ८८५२बीईसाठी त्याची गरज राहिली नाही.

डेबियन १२ वाल्यांनी हेच सूत्र लावावं. तिथला मूळ कर्नल ६.१ आहे, म्हणजे या कार्डासाठी एक पाऊल मागे. बॅकपोर्ट्समधला कर्नल घ्या आणि नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातलं फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज बसवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, तिथे फक्त फर्मवेअर पुरतं.

सर्व्हरवर मात्र आमचा सल्ला उलटा आहे. तिथे नेटवर्क नीट चालू असेल तर एचडब्ल्यूई घेऊ नका. घ्यायचाच असेल तर मशीनसमोर बसून किंवा कन्सोल हाताशी ठेवून घ्या, एसएसएचवरून नाही. इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या एक्स७१० सारख्या कार्डांची नावं ६.८ वर बदलतात. ईएनपी१एस०एफ० असलेलं पोर्ट ईएनपी१एस०एफ०एनपी० होतं. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलीत, जुनं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे मशीन सुरू होतं पण आयपी मिळत नाही. आधीच नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’खाली मॅक ॲड्रेस आणि ‘सेट-नेम’ने जुनं नाव बांधून ठेवलं तर हा प्रसंग येत नाही. लॅपटॉपवाल्यांना यातलं काही लागत नाही. तिथे नावं नेटवर्क मॅनेजर सांभाळतो.

परत जायची वाट मोकळी आहे, आणि या उपायाला आम्ही पूर्ण गुण देतो त्याचं हेही एक कारण. जुना कर्नल पुसला जात नाही. लॅपटॉप सुरू होताना एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोस पद्धतीत शिफ्ट धरून ठेवा), ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू’मध्ये जा, ५.१५ निवडा. एस्केप दोनदा दाबला तर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो, तेव्हा ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर द्या आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप दाबा. हा खेळ नको असेल तर नवा कर्नल बसवण्याआधीच /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये टाइमआउट_स्टाइल मेन्यू आणि टाइमआउट ५ करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. पाच सेकंद यादी दिसत राहील. आठवडाभर ६.८ नीट चालला, लॅपटॉप रोज झोपून उठला, व्हिडिओ कॉल तुटले नाहीत, की मग ऑटोरिमूव्ह करा. त्याआधी नको.